मण्याच्या पोटातला पत्ता

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडता पडता जुनापाणी येतं. तिथल्या माळावर मोठमोठे काळे धोंडे गोलाकार मांडून ठेवलेले दिसतात. एक वर्तुळ, त्याच्या पलीकडे दुसरं, तिसरं, अशी सुमारे तीनशे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात इथे राहणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली ही शिळावर्तुळं आहेत. तशीच वर्तुळं जवळच्या माहुरझरीलाही आहेत. पण माहुरझरीला आणखी एक गोष्ट सापडते, आणि ती मुठीत मावते. अकीकाचे मणी.

लाल, तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांचे, गोल, लांबट, पैलूदार. काहींवर पांढरी नक्षीही आहे. १९३३ मध्ये जी. जी. हंटर यांनी या जागेकडे लक्ष वेधलं, १९७० ते ७२ या काळात शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं आणि या शतकाच्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजच्या आर. के. मोहंती यांनी ते पुढे नेलं. कबरींमध्ये लोखंडाची हत्यारं आली, सोनं आलं, घोड्यांची हाडं आणि त्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे साजही आले. तरी मला सगळ्यात बोलकी वाटते ती वस्तीत सापडलेली मोडतोड. भोक न पाडलेले मणी, भोक पाडताना तडकलेले मणी, नुसते घडवलेले ओबडधोबड खडे, टवक्यांचा ढीग. दागिना माणसाबरोबर कुठेही जाऊ शकतो. कचरा सहसा जिथे काम चालतं तिथेच पडतो. म्हणजे माहुरझरीला मणी नुसते वापरले जात नव्हते, घडत होते.

आता इथून पूर्वेला जा. बंगालचा उपसागर ओलांडा. थायलंड आणि कंबोडियातल्या त्याच सुमाराच्या कबरी उघडल्या की मृतांच्या गळ्यात काय दिसतं? लाल अकीक. तसाच रंग, तशीच झिलई, तसेच आकार. कित्येक वर्षं विद्वान म्हणत आले, हे भारतातून गेले असणार. पण असणार म्हणजे काय? आकाराची नक्कल कुणीही करू शकतो. रंग तर कुठल्याही अकीकाला असू शकतो. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या गळ्यातला, शेंगदाण्याएवढा, नाव-गाव काहीही न लिहिलेला दगड. त्याला कसं विचारायचं, बाबा रे, तू कुठला?

हा प्रश्न विचारता येतो. दगड उत्तर देतो. आणि ते कसं देतो ते कळलं की रस्त्याकडेच्या गारगोटीकडेसुद्धा पूर्वीसारखं बघता येत नाही.

असं एक झगझगीत उत्तर आलं ते अकीकाकडून नाही, जेडकडून. फिलिपिन्स, व्हिएतनाम, बोर्निओ, कंबोडिया, थायलंड अशा दक्षिण चिनी समुद्राभोवतीच्या देशांत एका विशिष्ट घडणीची हिरवी कर्णभूषणं सापडतात. फटीचं कडं आणि त्यावर तीन टोकदार मोड, किंवा दोन्ही बाजूंना प्राण्याचं डोकं असलेला लोलक. दगड हिरवा, चिवट, नेफ्राइट जातीचा जेड. एवढा हिरवा दगड एवढ्या बेटांवर आला कुठून? हुंग श्याओ-चुन, योशियुकी इइझुका, पीटर बेलवूड आणि सहकाऱ्यांनी १४४ वस्तू तपासल्या. २००७ मध्ये निष्कर्ष छापला: त्यांतल्या किमान ११६ वस्तूंचा दगड एकाच ठिकाणचा, पूर्व तैवानमधल्या हुआलिएनजवळच्या फेंगतियानचा. एका डोंगरातला दगड समुद्राभोवतीच्या सुमारे तीन हजार किलोमीटरच्या पट्ट्यात पसरला होता!

ओळखला कसा? नेफ्राइट म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचं घट्ट विणलेलं जाळं. हे सूत्र जगातल्या सगळ्या नेफ्राइटला सारखंच लागू. फक्त लोह आणि मॅग्नेशियमचं प्रमाण जागेनुसार थोडं हलतं, त्यावरून काही खाणी वगळता येतात. खरी ओळख पटली ती दगडातल्या काळ्या ठिपक्यांवरून. फेंगतियानच्या जेडमध्ये क्रोमाइट खनिजाचे बारीक काळे कण आहेत, आणि त्या कणांमध्ये जस्त आहे. हिरव्या तंतूंचा आणि या कणांचा एकत्र ताळा जमला की गाव सापडलं. इइझुकांनी बऱ्याच वस्तू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, त्यांना ओरखडासुद्धा न काढता तपासल्या. इलेक्ट्रॉनांचा झोत दगडावर आपटतो, दगडातलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्षकिरण बाहेर टाकतं, आणि यंत्र त्यांची नोंद घेतं. जस्त असेल तर जस्ताची नोंद होतेच, दगड हिरवा आहे की पांढरा याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही.

यातली गंमत लक्षात आली का? ज्या ठिपक्यांमुळे जेडच्या सौंदर्याला बाधा येते, त्यांनीच त्याचं घर दाखवलं. पूर्वी घरोघरी तांदूळ निवडत. दाणा सगळीकडचा सारखाच पांढरा. पण ताटाच्या कडेला सारलेले खडे पाहिले तर एकात काळा मुरूम, दुसऱ्यात तांबडी माती, तिसऱ्यात पांढरी गारगोटी. कुठल्या खळ्यावरचा तांदूळ आहे हे दाणा सांगत नाही, खडा सांगतो. प्राचीन दगडाचा माग काढणारं बरंचसं रसायनशास्त्र याच एका गोष्टीवर उभं आहे. शुद्ध पदार्थ मुका असतो. बोलते ती भेसळ.

मग अकीकाचे खडे कुठले? इथे काम कितीतरी अवघड होतं, कारण अकीक जवळजवळ निखळ सिलिका आहे. वाळूतही तीच, काचेतही तीच, गारगोटीतही तीच. डोळ्यांना दिसेल असा काळा ठिपका त्यात सहसा नाही. भेसळ आहे, पण दहा लाख भागांत दोन-चार भाग, कधी एखादाच भाग. तेवढी तरी ती कुठून आली, हे समजण्यासाठी अकीकाच्या जन्माची गोष्ट ऐकायला हवी, आणि ती गोष्ट आपल्याच पायाखालची आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या पश्चिम आणि मध्य भारतात जमीन फाटून लाव्हा वाहायला लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थिजायचा, त्यावर दुसरा यायचा. आज झिजून झिजून उरलेलं हे बेसाल्टचं आवरणही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचं आहे. सह्याद्रीचे कडे त्याचेच, वेरूळची लेणीही त्यातच कोरलेली. त्याला दख्खनचे सोपान म्हणतात. वाहत्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकतात. लाव्हा थंड झाला की बुडबुड्याच्या जागी पोकळी राहते. मग हजारो, लाखो वर्षं पाणी त्या खडकातून झिरपत राहतं, जाता जाता खडकातली सिलिका विरघळवून घेतं आणि पोकळीच्या भिंतीवर तिचा पातळ लेप सोडतं. लेपावर लेप, लेपावर लेप. अकीक आडवा कापला की दिसणारे ते पट्टे म्हणजे हेच लेप. आणि पाण्याबरोबर सिलिका एकटी येत नाही. ज्या खडकातून पाणी आलं त्याचं थोडं अॅल्युमिनियम, थोडं लोह, सोडियम, बेरियम, युरेनियमचा पुसटसा अंश, असं सगळं त्या लेपात अडकून बसतं. खडक बदलला, पाणी बदललं, की प्रमाणं बदलतात. पोकळी भरता भरता दगडाने आपला पत्ता पोटात लिहून ठेवलेला असतो. पुढे बाहेरचा खडक झिजून मातीमोल होतो, पण चिवट अकीक गोटा बनून नदीच्या पात्रात, शेतात पडून राहतो.

या सगळ्यात नागपूरची जागा विलक्षण आहे. लाव्ह्याचं हे प्रचंड आवरण पूर्वेकडे येता येता नागपुराच्या आसपास संपतं. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची; शहराचा पश्चिम भाग बेसाल्टवर; आणि पूर्वेकडे गेलात की पायाखाली त्याहून कितीतरी पुरातन खडक येतो. एकाच शहरात, रिक्षाच्या अंतरावर, पृथ्वीच्या इतिहासातली दोन इतकी वेगळी प्रकरणं! माहुरझरीचे कारागीर या काठावर बसले होते. अकीक जवळच्या बेसाल्टमध्ये, आणि त्याच काळात तिकडे पेंच नदीकाठी नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी चालू होती. कठीण दगड घडवायला आणि कठीण लोखंड काढायला लागणारी आगीवरची हुकमत या मुलखात एकत्रच नांदत होती.

हा काठ नीट ओळखणारा एक माणूस नागपुरात होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून आलेला मिशनरी. हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्याच्या गाळातून त्यांनी जीवाश्म गोळा केले, नागपूरच्या भूगर्भावर लंडनच्या नियतकालिकात लिहिलं. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत इतका अवकाश होता की मध्ये तळी साचली, त्यांत गोगलगाई वाढल्या, काठावर झाडं फळली, हे त्या जीवाश्मांनी सांगितलं. आणि याच हिस्लॉपना शिळावर्तुळांचंही वेड होतं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या मुक्कामी असताना, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना भरून आलेल्या नाल्यात ते बुडाले. वय अवघं ४५. खडक आणि कबर, या दोन्ही गोष्टी एकाच नजरेने पाहणारा माणूस त्या पुरात गेला. या दोन शास्त्रांची पुन्हा अशी घट्ट गाठ पडायला पुढे बराच काळ जावा लागला.

आता ती गाठ मारणारं यंत्र पाहू. दहा लाखांतला एक भाग मोजायचा, तोही मणी न फोडता. कसा?

मणी एका छोट्या बंद कुपीत ठेवतात. त्यावर लेझरचा झोत सोडतात. झोत इतका बारीक की त्याने पडणारा खळगा माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पहिल्या काही सेकंदांत उडालेला कण-कण मोजायचाच नाही, कारण तो पृष्ठभागावरचा असतो आणि पृष्ठभागाला शतकानुशतकांची कबरीतली माती लागलेली असते. त्याच्या खालचा, आतला दगड उडायला लागला की मोजणी सुरू. उडालेली ही धूळ आरगॉन वायूच्या धगधगत्या ज्योतीत जाते. तिचं तापमान सहा ते दहा हजार अंशांच्या घरात, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त. तिथे दगड दगड राहत नाही, रेणूही राहत नाहीत. सुटे, विद्युतभारित अणू उरतात. ते पुढे अशा मार्गातून ढकलले जातात की ठरावीक वजनाचाच अणू पलीकडे पोचेल. आता सोडियमची पाळी, आता लोहाची, आता युरेनियमची. यंत्र क्षणार्धात एकेका वजनाला वाट देतं आणि पोचलेले अणू मोजतं. अडीच हजार वर्षं मुका राहिलेला मणी काही मिनिटांत पन्नासएक मूलद्रव्यांचा हिशेब देऊन मोकळा होतो.

पण नुसता हिशेब पुरत नाही. ताळा घ्यायला खाणींतले खडे हवेत. म्हणून भूवैज्ञानिक आणि पुरातत्त्वज्ञ नद्यांच्या पात्रांतून, डोंगरउतारांवरून अकीक वेचत फिरतात, एकाच जागेचे अनेक, कारण एकाच खाणीतले दोन गोटेसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. रँडॉल लॉ यांनी हडप्पाच्या दगडांसाठी हा उद्योग वर्षानुवर्षं केला. त्यांची पद्धत वेगळी: खड्यांचे तुकडे अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवायचे, म्हणजे त्यातली मूलद्रव्यं काही काळ किरणोत्सर्गी होतात आणि आपापल्या खुणेचे गॅमा किरण सोडतात. हडप्पाचा अकीक मुख्यतः गुजरातकडचा असल्याचं त्यांना दिसलं. सिंधू संस्कृतीतल्या कुणाच्या तरी हातातला खडा आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची अणुभट्टी! माणसाच्या कुतूहलाची धाव पाहून थक्क व्हायला होतं.

आग्नेय आशियाच्या मण्यांबाबत मात्र वाद पेटला. २००० मध्ये रॉबर्ट थ्युनिसन आणि सहकाऱ्यांनी थायलंडमधल्या नोएन उ-लोक इथल्या मण्यांच्या रासायनिक तपासणीवरून शंका काढली: हे सगळे भारतातूनच आले असं गृहीत का धरता? थायलंडमध्येही अकीक मिळतो, तिथलाच दगड असेल. शंका रास्त होती. तिने सगळ्यांना पुन्हा मोजायला लावलं, आणि शास्त्रात याहून मोठा उपकार नाही. मग अ‍ॅलिसन कार्टर आणि लॉर द्युबिस्यू यांनी कंबोडिया आणि थायलंडच्या लोहयुगीन मण्यांवर शिकागोच्या फील्ड म्युझियममधलं लेझरचं यंत्र चालवलं. अनेक मूलद्रव्यं एकदम विचारात घेतली, खाणींच्या खड्यांशी ताळा घेतला आणि २०१६ मध्ये निकाल मांडला. त्या मण्यांची रासायनिक ठेवण जुळते ती दख्खनच्या सोपानांशी.

म्हणजे ज्या लाव्ह्यावर सीताबर्डीचा किल्ला उभा आहे, त्याच लाव्ह्याच्या बुडबुड्यात जन्मलेला दगड मेकाँगच्या खोऱ्यातल्या माणसाच्या गळ्यात होता. हे रसायनशास्त्राने दाखवलं. लाव्ह्याचा हा मुलूख फार मोठा आहे, गुजरातपासून विदर्भापर्यंत अकीक निपजतो, आणि सगळा एकाच कुळातला. त्यामुळे मणी आज आपलं कुळ ठामपणे सांगतो. गावाचं नाव त्याच्याकडून काढून घ्यायला आणखी खाणींचे आणखी खडे मोजावे लागतात. विदर्भातल्या नद्या-नाल्यांतले खडे या ताळ्यासाठी गोळा होणं म्हणूनच मोलाचं आहे.

दगड निर्यात करण्याची या मुलखाला सवय होती, याची लेखी साक्षही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथात म्हटलंय की पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशांतून भडोचच्या बंदराकडे जातो.

लाल रंगाचंही एक रहस्य आहे. खाणीतून निघालेला अकीक पुष्कळदा करडा, मळकट पिवळसर असतो. त्या पिवळेपणात पाणी धरून बसलेलं लोहाचं खनिज असतं. दगड राखेत पुरून हळूहळू तापवला की तीनशे अंशांच्या सुमाराला ते पाणी निघून जातं, खनिज हेमाटाइट बनतं आणि दगड आतून लाल होतो. गुजरातमधल्या खंबायतचे कारागीर आजही मातीच्या मडक्यात असेच अकीक भाजतात. घाई केली की दगड तडकतो. आणि बघा, रंग पुरता पालटला तरी लोहाचे अणू तेवढेच राहतात, युरेनियम तेवढंच, अॅल्युमिनियम तेवढंच. कारागिराने दगडाचं रूप बदललं, पत्ता तसाच राहिला.

आता जेड आणि अकीक या दोन्ही गोष्टी एका जागी आणणारं एक ठिकाण. थायलंडच्या चिंचोळ्या भूपट्टीवर, चुम्फोन प्रांतात खाओ साम केओ नावाचं स्थळ आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या ते दुसऱ्या शतकात तिथे मोठं गजबजलेलं व्यापारी गाव होतं. बेरेनिस बेलिना यांच्या चमूने ते खणलं. तिथे तैवानी जेडवर काम चालल्याच्या खुणा मिळाल्या, आणि त्याच गावात अकीकावर काम चालल्याच्याही. एकीकडून फेंगतियानचा हिरवा दगड, दुसरीकडून लाल अकीक, आणि दोन्ही एकाच बाजारात. पण तिथे टवके का असावेत? तयार मणी विकत घेतले असते तर टवके पडले नसते. कच्चा दगड आला होता आणि तो घडवणारे हातही होते.

ते हात कुणाचे? इथे रसायनशास्त्राला भोकाची मदत होते. अकीक पोलादी चाकूलाही दाद देत नाही, म्हणून त्याला भोक पाडायला हिरा फार उपयोगी पडतो. खंबायतमध्ये गिरमिटाच्या टोकाला दोन बारीक हिरकण्या बसवतात आणि धनुष्याच्या दोरीने ते फिरवतात. ही हिरकणीची युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात भारतीय उपखंडात रुळली. असं गिरमिट भोकाच्या आतल्या भिंतीवर समान अंतरावरच्या बारीक कड्या सोडतं. भोकात मऊ सिलिकॉन भरतात, ते घट्ट झालं की बाहेर ओढतात, आणि भोकाचा तो साचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कड्या लख्ख दिसतात. खाओ साम केओचे काही उत्तम दागिने भारतीय तंत्राने घडवलेले आहेत, पण त्यांचे घाट दक्षिण चिनी समुद्राकाठच्या लोकांच्या आवडीचे. बेलिना यांनी यावरून मांडलं की उपखंडातून नुसता माल गेला नाही, शिकलेले कारागीर गेले, तिथे बसले आणि तिथल्या गिऱ्हाइकाला हवं ते घडवू लागले. एका मण्याला दोन पत्ते असतात: दगडाचा पत्ता त्याच्या अणूंत, आणि घडवणाऱ्या हाताचा त्याच्या भोकात.